बाळंतिणीच्या खोलीचा पांढरा

शेवंताने पेजेची वाटी उचलायला हात पुढे केला आणि तो मनगटापासून खाली लोंबला. कोपर वर, पंजा खाली, बोटं मिटेनात. वाटी कलंडून पेज चटईवर सांडली. तेवढ्यात पोटात कळ आली तशी ती कुशीवर वळली आणि गुडघे छातीशी ओढायला लागली. सातवा महिना होता. गुडघे छातीपर्यंत पोचत नव्हते.

"परवा उजवा गेला," तिची सासू म्हणाली. "आज डावा पण चालला, बघ."

मी दारात चुन्याची बालदी घेऊन उभी होते. मला बोलावलं होतं ते भिंतीसाठी. गावातल्या भगताने नारळ ठेवून सांगितलं होतं की खोलीत काहीतरी शिरलं आहे, भिंतींना नवा चुना लावा, म्हणजे ते बाहेर पडेल. उंबऱ्यात लिंबू कापून ठेवलेलं होतं. मी ते ओलांडून आत गेले आणि उशाकडच्या भिंतीपाशी वाकले.

निजलेल्या बाईचं तोंड जिथे येतं, तिथे पाटाएवढी जागा उघडी पडली होती. नखांच्या चार-चार रेघा, एकीवर एक. वरचा पांढरा गेला होता आणि आतल्या चिऱ्याचा तांबडा दिसत होता. कडेला हात लावला तर ओल लागली. मी खाली जमिनीकडे पाहिलं. एवढी भिंत खरवडली तर खाली पूड पडायला हवी. पूड कुठेच नव्हती.

ती भिंत मी रंगवली होती. पांढरा कुठला लावायचा तेही मीच ठरवलं होतं. आणि तसा लोंबणारा हात मी आयुष्यात आधी एकदा पाहिला होता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, दोन-तीन सांगते. पण पांढऱ्या रंगाचं काही लिहायचं तर मला पहिली ती वाटीच दिसते, म्हणून ती आधी लिहिली.

माझं नाव भागीरथी, पण मला सगळे भागी म्हणत. मराठी चौथी शिकले, मग लग्न झालं. नवरा गवंडी. त्याच्या हाताखाली चुना वाहता वाहता मी भिंती पांढऱ्या करायला शिकले. रत्नागिरीत तेव्हा रंगारी पुष्कळ होते, पण पुरुष माणूस पडवी, ओटी, फार तर माजघर इथपर्यंत. बाळंतिणीची खोली, म्हाताऱ्या सोवळ्या बाईचं स्वयंपाकघर, राजिवड्याच्या मुसलमान वस्तीत पडद्यातल्या बायकांच्या खोल्या, इथे बाई लागे. ती मी. बायकांच्या खोल्यांतलं बाईला कळतं, असं म्हणून मला बोलवत. हे वाक्य लक्षात ठेवा.

लोकांना वाटतं, पांढरा म्हणजे पांढरा. आमच्याकडे चार तरी पांढरे होते. भाट्याच्या खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला चुना सगळ्यांत गोरा, पण थंड दिसतो. घाटावरून येणारा दगडी चुना किंचित पिवळा. देवरूखच्या बाजूने पांढरी माती येई, ती मऊ आणि स्वस्त, पण अंग टेकलं की पाठीला लागते. आणि चौथा सफेदा, शिशापासून केलेला, बोटीवरचा. त्याचं पुढे सांगते.

चुन्यात निळीचा थेंब टाकला की पांढरा जास्त पांढरा दिसतो. किती टाकायचा यावरून घरोघर भांडणं. एक वकिलीणबाई नवऱ्याचं धुतलेलं धोतर भिंतीला लावून बघायची आणि म्हणायची, "धोतर जिंकलं गो भागी, अजून एक हात मार." मी पाच हात मारले. शेवटी धोतर परटाकडून आलं ते पिवळं होऊन, तेव्हा माझी सुटका झाली. राजिवड्यातली एक म्हातारी खाला नीळ घालूच द्यायची नाही. म्हणायची, "निळीची भिंत बघितली की आपल्याला कफनात गुंडाळून ठेवल्यागत वाटतं. मला अजून जगायचंय." तिला मी घाटावरचा पिवळसर चुना दिला. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. त्यात चुन्याचा काही भाग नसावा.

मी सगळ्यांना एकच सांगायची. रंग हातावर घेऊन निवडू नका. ज्या खोलीत लावायचा तिथे, ज्या कोपऱ्यात उजेड कमी तिथे, हातभर पट्टा मारा आणि उद्या या. ओल्या चुन्यावरून काही कळत नाही. लावताना भिंत मळकट दिसते, सुकल्यावर पांढरा वर येतो.

चुना भाजतो, हे पोराटोरांनाही माहीत असतं. कळीचा चुना पाण्यात टाकला की खदखदतो, वाफ मारतो, शिंतोडा उडाला तर कातडं सोलतो. माझ्या डाव्या डोळ्यात फूल आहे, ते एका शिंतोड्याचं. म्हणून चुन्याला सगळे भितात. सफेद्याला कोणी भीत नाही. तो पिठासारखा मऊ असतो, गार असतो, त्याला वास नसतो.

बंदरावरचे रंगारी मात्र त्याला ओळखून होते. माझा चुलतसासरा मांडवीला गलबतं रंगवायचा. सफेद्याची कोरडी पूड जवसाच्या तेलात घोटायची आणि लाकडाला लावायची, हे त्याने तीस वर्षं केलं. शेवटी शेवटी त्याच्या पोटात अशी कळ यायची की तो जमिनीवर पालथा पडून राहायचा. मग त्याचे पंजे लोंबले. बायको त्याला भरवायची. बंदरावर त्याला सफेद्याची कळ म्हणत. हात धुतल्याशिवाय विडी धरू नये, जेवू नये, असं म्हातारा सगळ्यांना सांगायचा. मलाही सांगितलं होतं. मी मनात एवढंच धरलं की याला तीस वर्षं लागतात.

आता तांडेलांच्या घराचं. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. थोरले तांडेल वारले होते, मुलगा गणपत गलबत चालवायचा. तो मलबाराकडे कौलं आणायला गेला की महिना-दीड महिना येत नसे. घरात सासू आणि सून. सासूला मी काकी म्हणायची. शेवंताला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी जाणार नव्हती.

माघात काकींनी मला बोलावलं. बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या अंगाला, देवघराला लागून. एकच खिडकी, तीही फणसाच्या झाडाने झाकलेली. भिंती बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या, वर नुसता जुना चुना. आमच्याकडचा चिरा तांबडा, आणि ओल धरली की तो तांबडा चुन्यातून वर येतो. डाग पडतात, ओघळ येतात.

काकी दारात उभ्या राहिल्या. आत येत नव्हत्या.

"माझी चार झाली या खोलीत," त्या म्हणाल्या. "गणपत तेवढा राहिला. तीन गेली. आणि चारी वेळा मी ती भिंत बघत पडून. तांबडं खाली उतरत यायचं. पहिल्या वेळी वाटलं माझंच हाय." मग म्हणाल्या, "या वेळी त्या भिंतीवर तांबडं दिसता कामा नये, भागी. काय वाटेल ते कर."

दुसरी कोणी असती तर मी म्हटलं असतं, काकी, डाग डागच असतो. पण ती बाई बोलताना दाराच्या चौकटीला घट्ट धरून होती.

मी शिंपल्यांचा चुना दोन हात दिला. आठ दिवसांनी तांबडं वर आलं. तिसरा हात दिला. परत आलं. जणू आतून कोणी बोट दाबत होतं. काकी रोज सकाळी दारातून बघून जायच्या. ते रोजचं बघणं मला जड जायला लागलं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "पडवीत बोटीचा सफेदा हाय. अर्धं पिंप उरलंय. त्यानं झाकेल?"

झाकेल, हे मला माहीत होतं. सफेद्यासारखा झाकणारा पांढरा दुसरा नाही, एका हातात खालचं सगळं गडप होतं. पण तो तेलात घोटावा लागतो, आणि जवसाचं तेल वाटीत काढल्याबरोबर शेवंताला उलटी झाली. शिवाय अंधाऱ्या खोलीत ते तेल वर्षभरात पिवळं पडतं. मग मी म्हटलं, सरसात कालवते. काकी म्हणाल्या, "हाडं-कातडं उकळून करतात ना तो? देवाच्या भिंतीला टेकून बाळंतिणीची खोली. नको." उरली खळ. तांदळाची पेज गाळून, आटवून, घट्ट केलेली. कागद चिकटवायला वापरतात ती. मी सफेदा खळीत कालवला. खळ काही भिंतीला घट्ट धरत नाही, हात फिरवला की बोटाला पांढरं येतं. पण बाळंतिणीच्या भिंतीवर हात कोण फिरवतंय, असं मी मनाला सांगितलं.

नेहमीप्रमाणे मी तीन पट्टे मारले. एक साधा चुना, एक निळीचा, एक सफेदा. दुसऱ्या दिवशी शेवंताला बोलावलं. खोली तिची, निवड तिने करायची. चौथा महिना होता, चेहरा उतरलेला, पण डोळे हसरे. तिने तिसऱ्या पट्ट्यावर बोट टेकवलं.

"हा. दुधासारखा हाय."

बोटाला पांढरं लागलं होतं. ते तिने जिभेला लावलं.

"खुळी काय गो?" मी म्हणाले.

"गोड लागतंय," ती म्हणाली आणि लाजली.

काकी हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या असतील. "डोहाळे," त्या म्हणाल्या. "गणपतच्या वेळी मी चुलीमागची अख्खी भिंत खाल्लेली. सासू म्हणायची, घर पडेल."

"मी पण खाल्ली," मी म्हणाले. "भाजलेली माती मिळाली नाय की भिंत."

आम्ही तिघी हसलो. मी तिथे उभी होते. चुलतसासऱ्याचे हात मी पाहिलेले होते, त्याचं बोलणं ऐकलेलं होतं, आणि गरोदर बाईला भिंत गोड लागते हे मला माझ्या पोटच्या तीन पोरांवरून माहीत होतं. पुरुष रंगाऱ्याला हे सुचलं नसतं तर त्याला माफ होतं. मला बोलावलंच होतं यासाठी की मी बाई आहे.

मी दोन दिवसांत खोली पुरी केली. तशी भिंत मी पुन्हा केली नाही. फणसाच्या सावलीतसुद्धा खोली उजळली होती, आणि तांबड्याचा ठिपका नव्हता. काकी पहिल्यांदा आत आल्या आणि चारी भिंतींकडे बघत मधोमध बसल्या. मला त्या भिंतीचा गर्व होता. खरं सांगायचं तर थोडा अजून आहे, त्याची लाज वाटते तरी.

आता चैत्र सरत आला होता आणि मी बालदी घेऊन त्याच खोलीत उभी होते. शेवंता माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं की मला कळलं. तिने मान हलवली, अगदी थोडी. सांगू नको, अशी.

खरं तर मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. कुंचा बुडवला आणि पहिला हात त्या जागेवरच मारला. ओल्या चुन्याने रेघा बुजल्या. काकी मागे उभ्या होत्या, त्यांना काही दिसलं नाही. मग मी सबंध खोलीला चुना लावला, घाईघाईने, ठिकठिकाणी सफेदा उघडा राहिला तरी. निघताना काकी म्हणाल्या, "आता उतरेल ना गो?" मी म्हणाले, "उतरेल."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो थापी धूत होता. त्याने ती धुऊन, पुसून, खुंटीला लावली आणि मग बोलला.

"त्या सफेद्यावर चुना लावलास ना?"

"लावला."

"मग आता तिला खायला मिळणार नाय. खाणं थांबलं की उतरेल. गप्प राहा. तांडेलाच्या सुनेला भागीनं विष घातलं, असं एकदा झालं की तुला कोण दारात उभं करील? मला कोण करील? आणि फौजदारापुढे काय सांगशील, मला माहीत होतं म्हणून?"

त्याचं बोलणं बरोबर वाटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

दोन दिवस मी दुसऱ्या घरी काम केलं. काय केलं ते आठवत नाही. जेवायला बसले की हातांकडे लक्ष जाई. नखांत चुना असायचा, तो मला सफेदा वाटायचा, मी उठून परत धुवायची. पोरगी म्हणाली, "आये, हात सोलशील." रस्त्यावर कोणी धावत आलं की वाटायचं, तांडेलांकडचा निरोप. कोणी आलं नाही तर वाटायचं, निरोप द्यायचं कारणच उरलं नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर शेजारीण म्हणाली, "तांडेलाच्या सुनेला फेफरं आलं म्हणे. दातखिळी बसली. भगत दुसरा बोलावलाय."

मी घागर विहिरीच्या काठावर ठेवली आणि तशीच गेले. घागर कोणी घरी आणली ते आजवर कळलं नाही.

काकी ओटीवर बसल्या होत्या. आतून शेवंताचं कण्हणं येत होतं. मी पायरीवरच उभी राहिले. वर जायचा धीर झाला नाही.

"काकी, तिला कोण लागलेलं नाय. तिनं भिंत खाल्लीय."

"भिंत सगळ्याच खातात."

"ती सफेद्याची भिंत हाय. ते विष असतं. आमच्या म्हाताऱ्याचे हात असेच गेलेले."

मला वाटलं आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"परवा तू चुना लावलास," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी विचारलं, तर उतरेल म्हणालीस."

"हो."

त्या उठल्या. लुगड्याचा पदर खोचला. "गाडी आण," त्या म्हणाल्या. "सरकारी इस्पितळात नेऊ. तुझं मग बघते."

मी बैलगाडी आणली. गवताच्या भाऱ्यावर घोंगडी घालून शेवंताला निजवलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय काकींच्या मांडीवर. रस्ता सगळा कातळाचा. चाक दगडावरून उतरलं की ती ओठ चावायची. ऊन चढलं होतं. मी पदराने तिच्या तोंडावर सावली धरली आणि तेव्हा तिचा लोंबणारा हात नीट दिसला. मनगटात हिरव्या काचेची काकणं होती. काकणांच्या कडांना पांढरं चिकटलं होतं. काचेवर दाबून बसलेलं, पुसलं तरी न निघणारं.

"शेवंता," मी विचारलं, "हे काय गो?"

तिने डोळे मिटले. मग हळू म्हणाली, "तुमचा वरचा चुना जिभेला झोंबतो. खालचा गोड हाय. बोटं चालत नाय, म्हणून काकणांनी काढलं."

"कधी?"

"काल. आज पण."

म्हणजे माझ्या चुन्याने काही थांबलं नव्हतं. माझ्या दोन गप्प दिवसांत ती पोरगी लुळ्या हातांच्या काकणांनी माझा चुना खरवडून त्याच्या खालचं विष खात होती. काकींनी ऐकलं. त्यांनी मान फिरवली आणि बैलांकडे बघत बसल्या. मला वाटतं तेव्हा त्या मनात देवाचं नाव घेत असतील. मला कुठलंच नाव घ्यायची सोय नव्हती.

इस्पितळात डॉक्टरांनी शेवंताचा खालचा ओठ बोटाने ओढून पाहिला. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. मग त्यांनी तिचे दोन्ही हात वर धरून सोडले. ते पडले.

"हिने काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

शेवंताने डोळे मिटले होते, काकी दाराबाहेर बघत होत्या.

"भिंत," मी म्हणाले.

"भिंत?"

"सफेद्याची. मी रंगवलेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कामापुरतं. किती दिवस, किती खाल्लं असेल, आधी कधी फेफरं आलं होतं का, असं सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, ते दोन दिवससुद्धा. त्यांनी विलायती मिठाचा जुलाब दिला, दूध द्यायला सांगितलं, आणि काकींना बाजूला घेऊन म्हणाले, "आई वाचवायचा प्रयत्न करू. पोटातल्याचं सांगता येत नाही. जे हिच्या अंगात गेलं ते त्याच्याही अंगात गेलेलं असतं."

काकी दाराबाहेर जमिनीवर बसल्या. मी त्यांच्यापासून दहा हातांवर बसले. तीन दिवस आम्ही अशाच बसलो. घरून भात यायचा तो त्या दोन पानांवर वाढायच्या आणि एक माझ्याकडे सरकवायच्या. आतून कण्हणं ऐकू आलं की भीती वाटायची आणि नाही आलं की जास्त वाटायची. परिचारिका कपडे घेऊन बाहेर आली की काकी आधी कपड्यांकडे बघायच्या, तांबडं आहे का ते. चौथ्या दिवशी होतं.

त्या दिवशी मी डॉक्टरांना गाठून विचारलं, "दोन दिवस आधी आणलं असतं तर?"

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आणखी दोन दिवस उशीर केला असता तर काय झालं असतं, ते सांगता येईल."

लोकांना वाटतं, हे त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं. मला तो धीर अजून पुरा पडलेला नाही.

पोलीस कोणी आले नाहीत. काकींनी तक्रार केली नाही, आणि मला माफही केलं नाही. गणपत कौलं घेऊन परत आला, त्याला त्यांनी सगळं सांगितलं. त्याने पिंप होडीत घालून खोल पाण्यात नेऊन सोडलं. मग माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "ती भिंत तू लावलीस, तूच काढ." मी काढली. पाणी मारून मारून, तोंडाला फडकं बांधून, चारी भिंती चिऱ्यापर्यंत खरवडल्या. ओली पूड गोणपाटात भरली आणि दूर खड्डा काढून पुरली. आठ दिवस लागले. काम चाललं असताना काकी दारात येऊन उभ्या राहायच्या. शेवटच्या दिवशी खोली पहिल्यासारखी तांबडी झाली, तेव्हा म्हणाल्या, "राहू दे आता असंच."

तेवढंच. पुढे सात-आठ वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या कोणाला मात्र सांगायच्या, "पांढरं करायचं तर भागीला बोलवा. ती आता स्वतः चाटून दाखवते." हे खरं होतं. नव्या दुकानदाराकडून आणलेल्या चुन्याचा सुकलेला पट्टा मी जिभेला लावून बघायची, आत काही मिसळलंय का ते. त्यावर बायका हसायच्या.

पुढच्या दहा वर्षांत मुंबईहून तयार रंगाचे डबे यायला लागले. गुळगुळीत, चकचकीत पांढरे, आत बहुधा सफेदाच. पैसेवाल्या घरांना तेच हवे असायचे. मी दारातच विचारायची, घरात कोण गरोदर आहे का, लहान मूल आहे का. काही जणींना वाटायचं, भागी भोचक झाली. एका घरी सून म्हणाली, "रंग द्यायला आलात की पाळणा मोजायला?" मी म्हणाले, "दोन्ही." त्यांनी दुसरा माणूस बघितला. अशी बरीच कामं गेली. ती गेल्याचं दुःख नाही. माझ्याजागी आलेल्याने कुठला पांढरा लावला, ते बघायला मला पुन्हा आत जाता येत नसे, त्याचं आहे.

शेवंताचा डावा हात गणपतीच्या सणापर्यंत ताळ्यावर आला. उजवा पुरा आला नाही, भाकरी थापते पण घट्ट झाकण उघडत नाही. दोन वर्षांनी तिने मला निरोप पाठवला. मी गेले तर ती ओटीवर बसलेली, पुन्हा पोट वर आलेलं. काकी आत होत्या, बाहेर आल्या नाहीत.

"खोली बघायला बोलावलंय," शेवंता म्हणाली. "काय लावू नका. नुसतं सांगा, काही राहिलंय का."

मी दिवा घेऊन चारी भिंती सांधा-सांधा बघितल्या. खिडकीच्या मागच्या कडेला नखाएवढा पांढरा राहिला होता. तोही काढला. मग तिला म्हणाले, "माती हवी असली तर माझ्याकडून ने. मी भाजून देईन."

"देवा," ती म्हणाली, "अजून तोंडाला पाणी सुटतं बघा."

मी रोज सकाळी भाजलेल्या मातीचा खडा नेऊन द्यायची. तांबड्या भिंतींच्या त्या खोलीत तिला मुलगा झाला, तीन वर्षांनी आणखी एक. दोघेही आहेत. पण ती गोष्ट तांबड्या खोलीची.

पांढऱ्या खोलीत दोन जीव होते. चौथ्या दिवशी इस्पितळात मुलगी झाली, ती रडली नाही. शेवंता वाचली.